मूल गृहपाठाला बसतं, पण हात चालत नाही: काय करायचं

साडेसहाला वही उघडली. आठ वाजत आले तरी वहीत तारीख, वार आणि दीड गणित एवढंच. मधल्या वेळात पेन्सिलीला तीनदा टोक झालं, दोनदा पाणी पिऊन झालं, एकदा शू झाली आणि कंपासपेटी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली गेली. 'याचं लक्षच लागत नाही' ही तक्रार अशा संध्याकाळींतून तयार होते. पण शेजारी बसून पाहिलं तर बऱ्याच मुलांचं घोडं सुरुवातीलाच अडलेलं असतं. पहिली पायरी कोणती हे न कळल्यामुळे मूल कामाच्या कडेकडेने फिरत राहतं. एकदा हात चालू लागला की तेच मूल पंधरा-वीस मिनिटं मान वर करत नाही. म्हणून पुढच्या मजकुरात सगळ्यात जास्त जागा त्या सुरुवातीला दिली आहे. टेबल, वेळ, मोबाइल ही सगळी तिचीच तयारी.

आधी तीन दिवस नुसतं पाहा

काहीही बदलण्याआधी तीन दिवस न बोलता पाहा आणि एका कागदावर चार गोष्टी टिपा: बसल्याची वेळ, पहिलं अक्षर लिहिल्याची वेळ, कुठल्या विषयाला थांबलं, आणि कशासाठी उठलं. रागवायचं नाही, आठवण करायची नाही. नाहीतर दिसेल ते तुमच्या रागाचं चित्र असेल, मुलाच्या सवयीचं नाही.

तीन दिवसांनी कागद बोलतो. बसणं आणि पहिलं अक्षर यांत वीस मिनिटं जात असतील तर अडचण सुरुवातीची. दर वेळी गणितालाच उठत असेल आणि मराठीला नाही, तर गणितातलं काहीतरी मागच्या इयत्तेपासून कच्चं राहिलंय. तिथे शिस्त लावून उपयोग नाही. सगळ्या विषयांना सुरुवात झटपट, पण दहा मिनिटांनी डोळे जड, तर वेळ चुकलीय किंवा झोप अपुरी आहे. आणि फळ्यावरून उतरवून आणलेलंच अर्धवट असेल, तर पहिली शंका डोळ्यांची घ्या.

गृहपाठ मुळात आहे किती?

केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात याचं माप दिलंय. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तास. नववीपासून पुढे रोज दोन तास. तुमच्या तिसरीतल्या मुलीला रोज दीड तास लागत असेल, तर एक तर शाळा जास्त देतेय किंवा काम मुलीच्या आवाक्याबाहेर आहे. दोन्ही गोष्टी बाईंशी बोलायच्या आहेत, मुलीला दामटून सुटायच्या नाहीत.

यात शिकवणीचा गृहपाठ धरलेला नाही. शाळेचा वेगळा आणि क्लासचा वेगळा अशी दुहेरी पाटी असेल तर पाचवीपर्यंत एकच ठेवा. क्लासमध्येच शाळेचा गृहपाठ उरकून येणारी मुलं घरच्यांना सोयीची वाटतात. पण मग मुलाला नेमकं काय येत नाही हे घरात कुणालाच कळत नाही. आठवड्यातला एक दिवस तरी शाळेचा गृहपाठ घरी, तुमच्यासमोर होऊ द्या.

वेळ घड्याळापेक्षा जेवणाखाण्याला बांधा

'रोज ठरलेल्या वेळी बसवा' हा सल्ला नाशिकच्या निम्म्या घरांत टिकत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असलेल्या आईबाबांची शिफ्ट आठवड्याला फिरते. एका आठवड्यात बाबा चारला घरी, पुढच्या आठवड्यात रात्री बारानंतर. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी सुरू झाली की काढणी संपेपर्यंत संध्याकाळ घरच्यांच्या हातात नसते. शाळाही कुणाची सकाळची, कुणाची दुपारची. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारने २०२४ मध्ये सांगितल्यावर बऱ्याच घरांची वेळापत्रकं हललीच.

म्हणून गृहपाठ एखाद्या रोजच्या गोष्टीला जोडा. सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे खाणं. शाळेतून आलं, हातपाय धुतले, खाल्लं, अर्धा-पाऊण तास मोकळं, मग गृहपाठ. दुपारी साडेबाराला येणारं मूल जेवून थोडं लवंडतं; त्याचा गृहपाठ तीन-साडेतीनच्या सुमाराला बरा होतो. साडेपाचला येणाऱ्याचं आधी खाणं, मग मैदान, मग सात ते पावणेआठ. क्रम रोज तोच राहिला की घरी आई असो, बाबा असोत की आजी, मुलाला 'आता बसायचंय' हे सांगावं लागत नाही.

खाणं पोटाला आधार देणारं हवं: पोहे, शेंगदाणा-गूळ, पोळीचा लाडू, केळं. वेफर्सच्या पुड्यावर बसवलेलं मूल अर्ध्या तासात पुन्हा 'भूक लागली' म्हणून उठतं, आणि ते खरंच बोलत असतं.

रात्रीच्या जेवणानंतर गृहपाठ ठेवू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळी सहाला उठायचं असेल तर नऊला अंथरुणात जायला हवं. साडेनऊला गणित सोडवणारं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतं, तिथलं सुटतं, म्हणून संध्याकाळी येत नाही, म्हणून पुन्हा साडेनऊ. हे चक्र झोपेच्या बाजूने तोडणं सगळ्यात सोपं. एखाद्या दिवशी गृहपाठ अर्धा राहू दे, पण नऊला दिवा बंद.

गणपतीआधीच्या महिन्यात जवळच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव असेल तर तेवढे दिवस गृहपाठ सरावाच्या आधी उरका. ढोल वाजायला लागल्यावर आठ वर्षांचं मूल खिडकीशी जाणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

जागा: हाताचं कोपर आणि पायाचा तळवा

स्वतंत्र खोली लागत नाही. लागते ती एक जागा, जिथे कोपर आणि पाय दोन्ही टेकतात. मूल सारखं चुळबुळ करतं, एक पाय खाली घेऊन बसतं, टेबलावर आडवं होतं, याचं कारण अनेकदा फर्निचर असतं.

जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच आणि खुर्ची १८ इंच. चार ते साडेचार फूट उंचीच्या मुलाला खरं तर २३-२४ इंचांचं टेबल आणि १४ इंचांची खुर्ची हवी. मोठ्यांच्या टेबलावर त्याचे खांदे कानाशी येतात आणि पाय लोंबकळतात. यावर उपाय बिनखर्चाचा आहे: बुडाखाली तीन इंचांची घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी, आणि पायाखाली सहा-सात इंचांचा पाट, लाकडी खोका किंवा उलटा घातलेला मजबूत डबा. दुसरं विसरू नका. नुसती उशी दिली तर पाय आणखी लोंबतात आणि चुळबुळ वाढते.

जमिनीवर मांडी घालून बसायचं असेल तर चौरंग नऊ-दहा इंच उंच हवा. बाजारात मिळणारी घडीची टेबलं थोडी उंच असतात; लहान मूल असेल तर त्याच्याखाली चादरीची घडी द्या. पलंगावर पालथं पडून लिहू देऊ नका. मान दुखते, अक्षर बिघडतं आणि थंडीत तर रजई पाच मिनिटांत अंगावर येते. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पायात मोजे आणि अंगात स्वेटर घालून खुर्चीत बसवलेलं बरं.

उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून यायला हवा, डावखुऱ्याला उजवीकडून. ट्यूब पाठीमागे असेल तर डोक्याची सावली नेमकी ओळीवर पडते. ९ वॉटचा एलईडी बल्ब लावलेला साधा टेबललॅम्प पुरतो.

आवाजाचं म्हणाल तर कुकरची शिट्टी, रस्त्यावरची रिक्षा यांची मुलांना सवय होते. सवय होत नाही ती बोलण्याची. त्याच खोलीत चाललेली मालिका, फोनवरचं बोलणं, मोठ्या भावाचा रील्सचा आवाज हे शब्द असतात, आणि वाचतानाही मेंदू शब्दच ऐकत असतो. एका खोलीचं घर असेल तर गृहपाठाच्या अर्ध्या तासापुरता टीव्ही बंद, हा घरातल्या सगळ्यांचा नियम करा. आजोबांच्या बातम्या नेमक्या त्याच वेळी असतील तर गृहपाठ अर्धा तास पुढे न्या. रोज आजोबांशी भांडून मिळवलेल्या शांततेत कुणालाच अभ्यास सुचत नाही.

गृहपाठ मोबाइलमध्येच आला असेल तर

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ येतो, म्हणून मोबाइल वहीशेजारी येतो, आणि मग वही मागे पडते. यावर एकच पक्की पद्धत: बसण्याआधी तुम्ही ग्रुप पाहा आणि गृहपाठ कागदावर हाताने उतरवा. पाचवीच्या पुढचं मूल स्वतः उतरवू शकतं, तुमच्यासमोर. त्यानंतर फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर उलटा ठेवणं, सायलेंट करणं यांनी भागत नाही. तो नजरेच्या टप्प्यात असला की लक्ष तिकडे ओढलं जातं.

धड्याची पीडीएफ हवी असेल तर बालभारतीचं पुस्तक आधीच उतरवून घ्या आणि इंटरनेट बंद करून द्या. व्हिडिओ पाहून करायचं काम सगळ्यात शेवटी ठेवा, कारण व्हिडिओनंतर वहीकडे परत येणं मोठ्यांनाही जड जातं. आणि वेळ लावायला फोनचा टायमर नको. गजराचं घड्याळ किंवा वाळूचं घड्याळ घ्या. भिंतीवर काट्यांचं घड्याळ असेल तर तेही चालतं: 'मोठा काटा सहावर येईपर्यंत' हे सात वर्षांच्या मुलाला दिसतं, 'वीस मिनिटं' दिसत नाहीत.

पहिली पाच मिनिटं

ही पाच मिनिटं तुमची. नंतरची मुलाची. आणि इथेच बहुतेक पालक उलटं करतात. सुरुवातीला 'जा, अभ्यासाला बस' म्हणून स्वयंपाकघरात जातात आणि अर्ध्या तासाने येऊन शेजारी ठाण मांडतात.

आधी सामान. टोक केलेल्या दोन पेन्सिली, एक खोडरबर, पट्टी, पाण्याची बाटली, लागणारी पुस्तकं-वह्या. शार्पनर टेबलावर ठेवू नका; एक पेन्सिल मोडली की दुसरी घ्यायची. पेन्सिलीला टोक करणं हा कामातून निसटण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे, कारण त्याला कुणी रागवत नाही.

मग मुलाला आजचं काम मोठ्याने सांगायला लावा. तुम्ही सांगायचं नाही. 'आज काय काय आहे?' मूल म्हणेल, 'गणित, मराठी आणि ईव्हीएस.' इथे थांबू नका. 'गणित' हे काम नव्हे, तो विषय झाला. 'गणितात काय?' 'उदाहरणसंग्रह.' 'त्यातली कुठली?' 'पहिली पाच.' आता हे काम झालं. प्रत्येक काम कागदावर एका ओळीत, मुलाच्या हाताने. तीन-चार ओळींपेक्षा जास्त नको. झालं की त्यावर रेघ मारायची. त्या रेघेत मुलांना खरा आनंद असतो, तो हिरावून घेऊन तुम्ही रेघ मारू नका.

क्रम ठरवताना पहिलं काम असं घ्या जे मुलाला नक्की येतं आणि पाच मिनिटांत संपतं. दुसरं सगळ्यात अवघड. 'अवघड ते आधी' हा मोठ्यांचा नियम लहान मुलाला लागू पडत नाही, कारण त्याला अजून बसण्याचाच जम बसलेला नसतो. सगळ्यात शेवटी चित्र काढणं, रंगवणं, उतरवून काढणं, म्हणजे दमलेल्या डोक्यालाही होईल असं काम.

शेवटी, पहिल्या कामाची पहिली ओळ तुमच्यासमोर सुरू होऊ द्या. प्रश्न मुलाने वाचायचा आणि स्वतःच्या शब्दांत सांगायचा: 'यात काय विचारलंय?' इंग्रजी माध्यमाच्या मुलाने मराठीत सांगितलं तरी चालेल, किंबहुना सांगायलाच लावा. सांगता आलं तर लिहू द्या आणि उठा. सांगता आलं नाही तर कळलं ना, मूल इतका वेळ का बसून होतं ते! प्रश्नच न समजलेल्या मुलाला लक्ष दे म्हणणं व्यर्थ आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी ही तपासणी तुम्ही करू शकता.

किती वेळ, आणि मध्ये काय

पहिली-दुसरीचं मूल सलग दहा-बारा मिनिटं, तिसरी ते पाचवीचं पंधरा-वीस, सहावी-सातवीचं पंचवीस-तीस. ही मापं अंदाजाची आहेत. तुमच्या तीन दिवसांच्या कागदावर मूल स्वतःहून जितका वेळ टिकलं त्यापेक्षा दोन मिनिटं कमीने सुरू करा. दमण्याआधी थांबलेलं मूल परत येतं. दमून उठलेलं येत नाही.

मधली सुटी पाच मिनिटांची आणि हातापायांची. गच्चीवर दोन फेऱ्या, दोरीच्या उड्या, झाडाला पाणी, आजीचा चहाचा कप नेऊन देणं. सुटीत मोबाइल किंवा टीव्ही दिला तर ती पाच मिनिटांत संपत नाही, भांडणाने संपते.

पाय हलवणारं, गुणगुणणारं, उभं राहून लिहिणारं मूल काम करत असेल तर त्याला हटकू नका. काही मुलं हललं तरच टिकतात. 'सरळ बस' म्हटलं की त्यांचं सगळं लक्ष सरळ बसण्यात खर्च होतं.

मदत कशी करायची: एका वजाबाकीचं उदाहरण

तिसरी-चौथीत हमखास अडणारं गणित घ्या: ५०२ – १७८. मुलीने उत्तर लिहिलंय ४७६. यावर 'चूक आहे, पुन्हा कर' म्हटलंत तर ती खोडून पुन्हा ४७६ लिहील, कारण तिच्या मते तिने बरोबरच केलंय. आधी तिला विचारा.

'कसं केलंस ते सांग बरं.'

'दोनातून आठ जात नाहीत ना आई, म्हणून आठातून दोन काढले. सहा.'

आता कळलं नेमकं कुठे चुकतंय ते. प्रत्येक घरात ती मोठ्या अंकातून लहान अंक काढतेय, वर-खाली न पाहता. लक्ष नसल्याने झालेली चूक अशी ठरून एकक आणि दशक दोन्ही घरांत सारखी होत नाही. म्हणजे ही समजेतली चूक आहे.

आता पाकिटातल्या शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्यासमोर ठेवा. शेजारी सुटे म्हणून दहाच्या दहा नोटा आणि रुपयाची दहा नाणी. (खऱ्या नसतील तर कागदाचे तुकडे चालतील, पण नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसच्या शहरात खऱ्या नोटांशी खेळायला मुलांना फार आवडतं.) 'मला यातून एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये दे.' आठ रुपये द्यायचे तर नाणी दोनच. दहाची नोट मोडावी म्हटलं तर दहाची एकही नाही. थोडं थांबून तिचा हात आपोआप शंभराच्या नोटेकडे जातो. घाई करू नका. हा थांबलेला वेळ म्हणजेच शिकणं. शंभराचे दहा दहा झाले. त्यातल्या एका दहाचे दहा रुपये. आता तिच्याकडे शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि बारा नाणी. बारातून आठ गेले चार, नऊतून सात गेले दोन, चारातून एक गेला तीन. ३२४. मग हेच वहीत, तिच्या हाताने.

इथे घरातली दुसरी अडचण उभी राहते. आजोबा वेगळ्या रीतीने शिकलेले असतात आणि तसंच शिकवतात, खालच्या अंकात एक मिळवून. त्यांची रीतही बरोबर आहे, उत्तरही तेच येतं. पण शाळेत दशक सुटा करून शिकवलेलं असताना संध्याकाळी दुसरी रीत आली की मूल दोन्हींची खिचडी करतं. संख्यांच्या नावांचंही तसंच: २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' अशी मांडणी आली. ती ऐकून हसू नका. नवीन गोष्ट समजवताना आधी पुस्तक उघडा, त्यातलं सोडवून दाखवलेलं उदाहरण मुलासोबत पाहा आणि त्याच रीतीने जा. आजोबांची रीत सुटीत शिकवा, तेव्हा ती जादू वाटते.

मदत करताना पेन्सिल मुलाच्याच हातात राहू द्या. तुमच्या हातात आली की गणित तुमचं होतं. उत्तर सांगायची अनावर इच्छा झाली तर इतकंच विचारा: 'आता पुढे काय?' आणि शांतपणे दहापर्यंत मनात मोजा. साधारण तीन-चार मोजल्यावर आपल्याला राहवत नाही. मुलाला उत्तर सहा-सात मोजेपर्यंत सुचतं.

चुका तपासणं शेवटी, एकदाच. प्रत्येक अक्षराला टोकलं तर मूल लिहिताना ओळीकडे न पाहता तुमच्या चेहऱ्याकडे पाहायला लागतं. मराठी शुद्धलेखनात पाच चुका असतील तर दोनच दाखवा, तेही 'या ओळीत एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, सापडतं का बघ' असं. खोडरबरानेही वेळ जातो. एका अक्षरासाठी पूर्ण ओळ खोडणाऱ्या मुलाला चुकीच्या शब्दावर एक आडवी रेघ मारून पुढे जायला शिकवा. बाईंना चालतं का हे आधी विचारून घ्या.

पाठांतर

धडा पाच वेळा वाचून लक्षात राहत नाही. वाचताना ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालं असा मुलाचा समज होतो. स्पेलिंग असो, कविता असो की सतराचा पाढा, रीत एकच: पाहायचं, झाकायचं, न पाहता लिहायचं किंवा म्हणायचं, उघडून ताडायचं. बारा स्पेलिंग एकदम घेऊ नका, चार-चार घ्या. चुकलेली वेगळ्या कागदावर. तोच कागद दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दोन मिनिटं आणि तीन दिवसांनी पुन्हा एकदा. शेवटचं टाळलंत तर रविवारचं पाठांतर शुक्रवारच्या चाचणीपर्यंत उडून जातं.

लवकर संपलं तर वाढवू नका

मूल अर्ध्या तासात मोकळं झालं आणि घरातून आवाज आला, 'झालं पण? मग आता दोन पाढे लिहून काढ.' हे दोनदा घडलं की मूल पुढच्या वेळी सावकाश करतं, कारण लवकर संपवण्याची शिक्षा त्याला कळलेली असते. रेंगाळण्याची सवय घरातच लागण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. काम संपलं की संपलं. उरलेला वेळ मुलाचा. सायकल, क्रिकेट, नुसतं लोळणं, काहीही.

पानाला पाच रुपये असलं आमिष मात्र नको. मूल पानं मोजायला लागतं आणि अक्षर मोठं होतं. शब्दांचं कौतुक पुरतं, पण ते नेमकं हवं: 'शाबास' पेक्षा 'आज न सांगता दुसरं गणित सुरू केलंस' हे मुलाला जास्त काळ पुरतं.

काम संपल्यावर लगेच दप्तर भरायचं, वेळापत्रक पाहून, मुलाने. वही, डायरी, उद्याची कंपासपेटी. डायरीत एखादा प्रकल्प दिसला तर त्याच्या तारखेच्या चार दिवस आधीची खूण कॅलेंडरवर करा, म्हणजे रात्री नऊला कार्डशीट आणि थर्माकोल शोधत दुकानं पालथी घालावी लागत नाहीत.

रडारड झाली तर

गृहपाठावरून मूल रडायला लागलं की समजावणं, ओरडणं, प्रवचन देणं सगळं थांबवा. रडणाऱ्या डोक्यात भागाकार शिरत नाही. वही मिटा, दहा मिनिटं तोंड धुणं, पाणी, जवळ घेणं. मग एकच प्रश्न, तोही सगळ्यात सोपा, सोबत बसून पूर्ण करा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. आठवड्यात तीन-चारदा असं होत असेल तर गृहपाठाचं माप किंवा त्याचा स्तर चुकलाय, तो बदलायला हवा. तुम्हीच चिडलेले असाल तर त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाला तरी बसू द्या. शिफ्ट करून थकून आलेल्या बाबांनी आल्या आल्या वही मागणं कुणाच्याच हिताचं नाही.

हे सगळं करूनही फरक नसेल

डोळे तपासा. मूल पुस्तक नाकाशी धरतं का, फळ्यावरचं उतरवताना शब्द सोडतं का, डोकं दुखतं म्हणतं का, टीव्हीजवळ जाऊन बसतं का, पाहा. कान तपासा, विशेषतः वारंवार सर्दी होऊन कान दुखणाऱ्या मुलाचे. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं. ते कधी येणार हे शाळेत विचारून त्यांनाच शंका सांगता येते.

तिसरी संपली तरी वाचताना अक्षरं लावून लावून वाचणं, तोंडी सगळं येणं पण लिहिताना काहीच न उतरणं, अंक उलटे लिहिणं, असं दिसत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि रीतसर प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. अतिचंचलतेचा प्रश्न असेल तर तो फक्त गृहपाठापुरता दिसत नाही: घरात आणि शाळेत अशा किमान दोन ठिकाणी, सहा महिन्यांहून जास्त काळ, आणि वयाच्या बाराच्या आत सुरू झालेला असावा लागतो. शाळेत शांत आणि फक्त घरच्या गृहपाठाला अस्वस्थ, तर कारण बहुधा वेगळं आहे. यांतलं निदान बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्राच्या जाणकारानेच करायचं, शेजारणीने किंवा इंटरनेटवरच्या चाचणीने नाही. सुरुवात नेहमीच्या बालरोग डॉक्टरांपासून करा. नाशिकला त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

जाताना तीन गोष्टी न्या: सुरुवातीचा तीन दिवसांचा कागद, मुलाची रोजची वही (परीक्षेची नको, तिथे मूल जास्त सावध असतं), आणि वर्गशिक्षकांचं लेखी मत. हे मत मिळवण्यासाठी पालकसभेची वाट पाहू नका. डायरीत एवढं लिहिलं तरी चालतं:

'बाई, नमस्कार. रोजच्या गृहपाठाला हिला सव्वा तास लागतो. गणितातली वजाबाकी आणि लांब उत्तरं लिहिताना थांबते. वर्गात ती काम वेळेत पूर्ण करते का आणि फळ्यावरचं नीट दिसतं का, हे कृपया कळवाल का? पुढचे दोन आठवडे अर्धा तास झाला की गृहपाठ जिथे असेल तिथे थांबवून मी खाली वेळ लिहून सही करेन. चालेल का ते सांगा.'

यातली शेवटची दोन वाक्यं नक्की लिहा. अर्धवट वहीला सही आणि वेळ असेल तर बाईंना मूल आळशी वाटत नाही, आणि दोन आठवड्यांच्या अशा नोंदींतून कुठल्या विषयाला किती वेळ लागतो हे त्यांनाही दिसतं. गृहपाठ कमी करायचा की वेगळा द्यायचा, हे ठरवायला त्यांना तेवढं पुरतं.